पोटातला रस कोण सोडतं, कोण थांबवतं: सुरमई, कुत्रा आणि वासरू यांच्याकडून समजून घेताना

पावसाळ्यात आमच्याकडे रात्री फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नासाठी. "डॉक्टरानू, कुत्र्याक आमच्यातली ॲसिडिटीची गोळी देव काय?" कधी कुत्र्याच्या जागी वासरू असतं, कधी करडू. फोनवर मी "देऊ नका" एवढंच सांगतो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो. पण का देऊ नका, हे फोनवर सांगून होत नाही. त्यासाठी जठरातलं आम्ल कुणाच्या सांगण्यावरून सुटतं आणि कुणाच्या सांगण्यावरून थांबतं, हे आधी कळायला हवं. ज्यांच्या दारात गाय आहे, पडवीत कुत्रा आहे, आणि बारावीला जीवशास्त्र घेतलेली मुलं घरात आहेत, अशा सगळ्यांसाठी हा लेख. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच चढा. पहिली पायरी हाताने करायची आहे, ती टाळू नका.

पायरी पहिली: जठर डोळ्यांनी बघा

लाल जास्वंदीची आठ-दहा फुलं घ्या. पाकळ्या कपभर पाण्यात उकळा, पाणी गडद झालं की गाळा. टिपकागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. पावसाळ्यात त्या वाळता वाळत नाहीत, तेव्हा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवा. एका पट्टीवर लिंबाचा थेंब टाका, ती गडद गुलाबी होईल. दुसरीवर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाका, हिरवट होईल. म्हणजे पट्ट्या कामाच्या झाल्या. कोकमाचं पाणी यासाठी वापरू नका. ते आंबट आहे खरं, पण त्याचा स्वतःचाच रंग लाल असल्यामुळे काही कळत नाही.

आता संध्याकाळी मालवण-देवगडकडच्या लिलावाला जा आणि पोट फुगलेली एखादी लहान सुरमई घ्या. रिकाम्या पोटाची नको. जाळ्यातून वर येताना बरेच मासे पोटातलं ओकून टाकतात, म्हणून बोटाने चाचपून घ्या. मासळी साफ करणाऱ्या मावशींना सांगा की आतडी फेकू नका, तशीच वेगळी द्या. घरी ताटात पसरली की घशाच्या मागे लांबट, जाड भिंतीची पिशवी दिसेल. तेच जठर. कात्रीने उभं चिरा. आत बऱ्याचदा तारली किंवा पेडवे सापडतात, कातडी विरघळलेले, मांस सुटं झालेलं, काटे मात्र अजून शाबूत. आतल्या भिंतीला पट्टी टेकवा. मासा पुरेसा ताजा असेल तर गुलाबी छटा येते. मग पट्टी खाली आतड्याला लावा, तिथे तो गुलाबी रंग येत नाही.

जमलं तर घाटावरून येणारा रोहूही एक आणा आणि त्याचंही पोट उघडा. मुलांना इथेच खरा धक्का बसतो, कारण रोहूला जठरच नाही. घशापासून थेट लांब, वेटोळं आतडं सुरू होतं. कटला, मृगळ, हे सगळं कुटुंबच बिनजठराचं. म्हणजे अन्न पचायला आम्ल लागतंच असं नाही. मोठे घास, अख्खे मासे गिळणाऱ्या प्राण्याला ते लागतं. आणि लागेल तेव्हाच लागतं. जठर हे आंबट पाण्याने कायम भरलेलं मडकं नाही. सांगितलं तर सोडतं, सांगितलं तर थांबतं. पुढे जे काही येईल ते या एका गोष्टीचं विवरण समजा.

पायरी दुसरी: हुकूम देणारे तिघे ओळखा

गाय, कुत्रा, माणूस यांच्या जठराच्या भिंतीत आम्ल बनवणाऱ्या खास पेशी असतात. त्यांच्यातला पंप हायड्रोजनचे कण, म्हणजे ज्यांच्यामुळे आम्ल आंबट होतं ते, बाहेर ढकलतो आणि त्यांच्या बदल्यात पोटॅशियम आत घेतो. हे काम किती जोराचं आहे बघा. रक्तात हायड्रोजनचे जितके कण असतात त्याच्या दहा लाखांहून जास्त पटींनी ते पेशीच्या तोंडाशी साठवले जातात. प्रथिन तोडणारं पेप्सिन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या. त्या पेप्सिन नव्हे, पेप्सिनोजेन सोडतात, आणि आम्लात पडल्यावर त्याचं पेप्सिन होतं. मासे आणि कोंबडी यांच्यात मात्र ही दोन्ही कामं एकच पेशी करते.

या पंपाला चालू कर म्हणून सांगणारे तिघे आहेत.

पहिला ॲसिटिलकोलिन. मेंदूतून निघणारी व्हेगस चेता थेट जठरापर्यंत येते आणि तिच्या टोकाला हा पदार्थ सुटतो. कुत्र्याचं उदाहरण तुम्ही रोज बघता. विळीवर मासळी चिरायला घेतली की तो पडवीतून उठून मोरीच्या दारात येऊन बसतो, तोंडातून लाळ गळते. त्याच वेळी आत जठरातही रस सुटलेला असतो. रशियात पाव्हलोव्ह यांनी कुत्र्याच्या अन्ननलिकेला गळ्यापाशी छेद ठेवून हे दाखवलं. गिळलेलं मांस छेदातून बाहेर पडायचं, जठरात कणही जायचा नाही, तरी जठरातून भरपूर रस मिळायचा. व्हेगस कापली की तो बंद. पचनावरच्या या कामाला 1904 साली नोबेल मिळालं.

दुसरा गॅस्ट्रिन. जठराच्या खालच्या निमुळत्या भागातल्या पेशी हे संप्रेरक रक्तात सोडतात, आणि ते सगळ्या शरीरात फिरून पुन्हा जठरातच, पण वरच्या भागात, येऊन काम करतं. 1905 मध्ये इंग्लंडमध्ये एडकिन्स यांनी हे सांगितलं तेव्हा कुणी फारसं मानलं नाही, कारण जठराच्या अर्कात हिस्टामिनही निघत होतं आणि लोक म्हणायचे की परिणाम त्याचाच. 1964 मध्ये ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून गॅस्ट्रिन शुद्ध स्वरूपात वेगळं काढून दाखवलं. जवळपास साठ वर्षं गेली. एडकिन्स यांना ते बघायला मिळालं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

तिसरा हिस्टामिन. पोलिश शास्त्रज्ञ पोपिएल्स्की यांनी ते कुत्र्याच्या कातडीखाली टोचलं आणि जठरातून रसाची धार लागली. 1920 मध्ये हे छापून आलं. पुढे ॲलर्जीवरची औषधं निघाली. ती शिंका, खाज, पुरळ थांबवायची, पण जठराचं आम्ल काही केल्या थांबवत नव्हती. त्यावरून कळलं की हिस्टामिनसाठी पेशींवर दोन वेगळे ग्राही, म्हणजे निरोप घेणारी कुलपं, आहेत. कुलूप वेगळं म्हटल्यावर किल्लीही वेगळी लागणार. ती किल्ली जेम्स ब्लॅक यांच्या गटाने 1972 मध्ये जाहीर केली आणि त्यातून आम्लाच्या औषधांची एक पूर्ण पिढी उभी राहिली. आपल्या दापोलीचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं तेही याच वर्षी, त्यामुळे हा आकडा माझ्या विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतो.

तिघे एकमेकांपासून सुटे नाहीत. गॅस्ट्रिन आपलं बरंचसं काम हिस्टामिनच्या हातून करून घेतं. ते शेजारच्या पेशींना सांगतं, त्या हिस्टामिन सोडतात आणि हिस्टामिन आम्लाच्या पेशीला उठवतं. तिघे एकत्र आले की परिणाम बेरजेपेक्षा मोठा होतो. म्हणूनच नुसतं हिस्टामिन अडवलं तरी बाकीच्या दोघांचाही जोर कमी होतो.

पायरी तिसरी: अमिनो आम्लांकडे लक्ष द्या

माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच. पुस्तकात तो दोन ओळींत उरकतात.

जठराला घास आत आल्याचं कळतं ते दोन वाटांनी. एक, भिंत ताणली जाते. दुसरी, अन्नाची चव. हो, चवच म्हणायला हवं. गॅस्ट्रिन सोडणाऱ्या पेशींची टोकं जठराच्या आतल्या बाजूला उघडी असतात आणि समोर काय आलंय ते ती ओळखतात. भाताच्या पेजेने त्या फारशा जाग्या होत नाहीत. अख्ख्या, न फुटलेल्या प्रथिनानेही कमीच. प्रथिनाचे तुकडे झाले आणि सुटी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्या, तिथे पोचली की गॅस्ट्रिन सुटतं. त्यातही फेनिलॲलॅनिन आणि ट्रिप्टोफॅन सर्वांत जोरकस.

आता गॅस्ट्रिनची साखळी बघा. तीही अमिनो आम्लांचीच, एका रूपात 17 कड्यांची, दुसऱ्यात 34 कड्यांची. तिचं काम करणारं टोक मात्र शेवटच्या चार कड्यांचं: ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन, ॲस्पार्टिक आम्ल, फेनिलॲलॅनिन. ज्या दोन अमिनो आम्लांनी दार वाजवलं तीच दोन निरोपाच्या टोकाशीही बसलेली आहेत. हे मी पहिल्यांदा वहीत लिहून काढलं तेव्हा कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसलो होतो.

यातून चक्र कसं सुरू होतं बघा. मासळीच्या वासाने व्हेगस थोडं आम्ल सोडवते. आम्लात पेप्सिन जागं होतं. पेप्सिन मासळीचं प्रथिन तोडतं. तुकड्यांनी गॅस्ट्रिन सुटतं, आणि मग आम्लाचा खरा लोंढा येतो. पहिलं थोडं आम्ल नसेल तर पुढचं सगळं अडतं. म्हणून आजारातून उठणाऱ्या कुत्र्याला जेवण द्यायचं तर अंगणात लांबून फेकू नका. कोमट करून, वास येईल असं, त्याच्या नाकाजवळ धरा. घरात उकडलेली मासळी काटे काढून भातात कालवून देतात, ती चालते. मीठ, तिखट, कांदा-लसूण नको.

तिसरा दूत हिस्टामिन. तोही अमिनो आम्लातूनच येतो. हिस्टिडिन नावाच्या अमिनो आम्लातून एक कर्बाम्ल गट निघून गेला की हिस्टामिन तयार. जठरातल्या पेशी हे काम एका विकराने (एन्झाइमने), मोजूनमापून करतात. आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याने इथे थांबून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा बर्फाशिवाय उन्हात राहिला की त्यावरचे जिवाणू नेमकी हीच क्रिया करतात आणि मांसात हिस्टामिन साठतं. असा बांगडा खाल्ला की तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ येतं, उलटी-जुलाब होतात. लोक म्हणतात, "बांगडो बाधलो." शिजवून हिस्टामिन जात नाही. तळून नाही, मिठात घालून नाही, आंबट घातलं तरी नाही. कालवण करताना जिभेला चरचर जाणवली तर मांजरालाही घालू नका, पुरून टाका.

पायरी चौथी: थांबवणारे कोण, ते समजून घ्या

आंबटपणा मोजायचा आकडा म्हणजे पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. आम्ल वाढत जाऊन जठरातला पीएच 3 च्या खाली गेला की शेजारच्याच पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात. हे 14 अमिनो आम्लांचं छोटं संप्रेरक गॅस्ट्रिनला आवरतं, हिस्टामिनला आवरतं आणि आम्लाच्या पेशीलाही थेट दाबतं. जेवण आत असताना प्रथिनं आम्ल शोषून घेतात म्हणून पीएच चढा राहतो आणि काम चालू राहतं. जेवण पुढे सरकलं की आम्ल उघडं पडतं आणि लगाम आपोआप ओढला जातो. पुढे लहान आतड्यात आम्ल उतरलं की तिथून सिक्रेटिन सुटतं, आणि तेही जठराला आवर म्हणतं. 1902 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांना सापडलेलं हे सिक्रेटिन म्हणजे रक्तातून निरोप नेणाऱ्या रसायनाचा पहिला पुरावा.

आता ॲसिडिटीच्या गोळीकडे या. गोळीने आम्ल दाबलं की पीएच चढतो, सोमॅटोस्टॅटिन सुटत नाही, गॅस्ट्रिन मोकाट वाढत राहतं. काही आठवडे अशी गोळी चालली आणि एकदम बंद केली, तर वाढलेलं गॅस्ट्रिन पूर्वीपेक्षा जास्त आम्ल सुटायला लावतं. गरज असते तिथे हे औषध आम्हीही देतो, पण मात्रा आणि दिवस ठरवून. आणि रवंथ करणाऱ्या मोठ्या गाईला ती गोळी तोंडाने देऊन उपयोग जवळजवळ नाहीच, कारण ती आधी पहिल्या मोठ्या पोटात पडते आणि तिथेच तिची वाट लागते.

आणखी एक पहारेकरी आहे, प्रोस्टाग्लँडिन. तो आम्ल कमी करतो, जठराच्या भिंतीवर बुळबुळीत थर आणि सोड्यासारखा क्षार सोडवतो, भिंतीचा रक्तपुरवठा राखतो. दुखण्यावरच्या बहुतेक गोळ्या याच पहारेकऱ्याला झोपवतात, कारण सूज आणि वेदना यांच्यातही त्याचा हात असतो.

दोन वर्षांपूर्वी एका घरी गेलो होतो. चांगला धष्टपुष्ट गावठी कुत्रा, पुढचा पाय मुरगळलेला. घरच्यांनी प्रेमाने स्वतःची गुडघेदुखीची गोळी गुळात घालून चार दिवस दिली होती. पाय बरा झाला होता. कुत्रा मात्र मागच्या दारी माडाच्या बुंध्याशी मान टाकून पडला होता. शेजारी कॉफीच्या गाळासारखी उलटी. शी डांबरासारखी काळी, चिकट, आणि तिला तो विशिष्ट उग्र वास, जो एकदा घेतला की विसरत नाही. ओठ उलटून बघितला तर हिरड्या पांढऱ्या. नऊ दिवस सलाईन आणि इंजेक्शनं चालली. वाचला. घरातल्या आजी रोज विचारायच्या, "माझ्याच हातान झाला मां ह्यां?" काय उत्तर द्यायचं? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून इथे स्पष्ट लिहितो: माणसाची दुखण्याची कुठलीही गोळी कुत्र्या-मांजराला स्वतःच्या मनाने देऊ नका. अर्धी नाही, पावही नाही.

पायरी पाचवी: वासरू जन्मल्यावर घड्याळ बघा

आता गोठ्यात या. आतापर्यंत शिकलेलं सगळं इथे कामाला येतं.

गाईचं चौथं पोट म्हणजे खरं जठर, बाकीची तीन त्याच्या आधीची. नुकत्याच जन्मलेल्या वासरात हे चौथंच सगळ्यात मोठं असतं. पण त्याच्या भिंतीत आम्लाच्या पेशी अजून फार थोड्या असतात, आणि पहिल्या दिवशी आतला पीएच जवळपास पाण्यासारखाच. ही उणीव नाही, सोय आहे. गाईच्या वारेतून वासराला रोगप्रतिकारक प्रथिनं मिळत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून. ही प्रथिनं अख्खीच्या अख्खी आतड्यापर्यंत पोचायला हवीत, तिथून ती रक्तात शिरतात. जठरात आम्ल आणि पेप्सिन जोरात असतं तर त्यांचे तुकडे झाले असते. चिकात तर प्रथिन तोडणाऱ्या विकराला अडवणारा पदार्थही असतो. पण आतड्याची ही दारं दिवसभरातच मिटतात, आणि पहिल्या सहा तासांत ती सगळ्यात जास्त उघडी असतात.

म्हणून "जार पडांदे आधी, मगे वासराक लावया" हे ऐकलं की माझा जीव तुटतो. जार पडायला कधी कधी आठ-दहा तास जातात. तोवर दारं मिटत आलेली असतात. उलट वासरू लुचलं की गाईच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार पडायला मदतच होते. तेव्हा असं करा. वासराचं नाक-तोंड पुसा, नाळेला आयोडीन लावा, गाईची सडं कोमट पाण्याने धुवा आणि पहिल्या दोन तासांत चीक पोटात जाऊ द्या. पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, दोन-तीन वेळांत विभागून. वीस किलोचं वासरू असेल तर दोन लिटर. आमच्या कोकण कपिलेची वासरं त्याहून लहान, त्यांना त्या मानाने. खरवस करायचा तर वासराचं भागल्यावर. उकळल्याविना नुसत्या वाफेवर चीक घट्ट होतो तो त्यातल्या याच प्रथिनांमुळे, म्हणजे वड्या पडतात त्या वासराच्या कवचाच्या. खरवस मलाही आवडतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा.

चीक बाटलीने पाजावा लागला तर निपल लावा आणि वासराला मान किंचित वर करून चोखू द्या. चोखण्याने व्हेगसच्या वाटेने निरोप जातो, अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली खाच मिटून तिची नळी होते आणि दूध पहिली पोटं ओलांडून थेट चौथ्यात उतरतं. बांबूच्या नळीने घशात ओतलं की खाच नीट मिटत नाही. दूध पहिल्या पोटात पडून नासतं, नाहीतर श्वासनलिकेत जाऊन वासरूच दगावतं.

चौथ्या पोटात दुधाची दही-गाठ होते ती कायमोसिनमुळे. हे विकर दुधातल्या कॅपा-केसीन प्रथिनाच्या साखळीत बरोबर एका जागी, 105 व्या फेनिलॲलॅनिन आणि 106 व्या मेथिओनिनच्या मध्ये, कात्री लावतं. तेवढ्या एका छेदाने दहाएक मिनिटांत दूध जमतं, आणि मग तासन्‌तास सावकाश पचत राहतं. दूध प्यायल्यावर जठरातला पीएच 6 च्या आसपास चढतो आणि काही तासांनी पुन्हा 2 च्या जवळ उतरतो. म्हणून दिवसातून एकदाच भरपूर पाजणं वाईट. दोन पाजण्यांमधला काळ फार लांबला की उघड्या आम्लात भिंत सोलवटते. पहिले पंधरा दिवस तीनदा पाजा, वेळा ठरवून, आणि दूध अंगाच्या ऊबेएवढं गरम.

वासराला हगवण लागली तर दूध बंद करू नका. मीठ-साखरेचं पाणी द्या, पण दुधात मिसळून नको, मध्ये दोन तास सोडून. आणि दुधात खाण्याचा सोडा तर मुळीच नको. सोड्याने आम्ल मरतं, कायमोसिनला लागणारी आंबट जागा उरत नाही, दुधाची गाठ धरत नाही आणि हगवण वाढते.

डॉक्टरला कधी बोलवायचं

शी काळी किंवा रक्ताळलेली. दात खाणं. दूध पिऊन झाल्यावर उजव्या कुशीला फुगवटा. पोटाकडे वळून वळून बघणं. कान गार लागणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळपर्यंत थांबू नका. फोन करताना चारच गोष्टी सांगा: वासरू किती दिवसांचं, पहिला चीक जन्मानंतर किती तासांनी गेला, शेवटचं दूध कधी आणि किती प्यायलं, आणि तुम्ही स्वतः काय काय दिलंत. शेवटचं लपवू नका. कुणी रागावणार नाही.

आमच्या ओळखीच्या एका गोठ्यात दाराशेजारच्या भिंतीवर कोळशाने वेळ लिहायची पद्धत पडली आहे. गेल्या आषाढात तिथे पाडी झाली. मी पोचलो तेव्हा पावसाने वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात भिंतीवर लिहिलेलं होतं: "पाडी 3.10. चीक 3.50. जार 7.15."